पहिलं मत्स्यालय : बोल नको, टाकी घ्या

प्रश्न : ठाण्यात आमचा वन-बीएचके फ्लॅट आहे. मुलीला काचेच्या बोलमध्ये दोन गोल्डफिश हवे आहेत. शेजाऱ्यांचे मासे मात्र आठवड्यातच मेले. काय करावं?

उत्तर : बोल घेऊच नका. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि भरपूर घाण करतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घ्या. तिच्यात पन्नासेक लिटर पाणी मावतं. वाळूसकट वजन साठ किलोंच्या वर जातं, तेव्हा डुगडुगणारं टेबल चालणार नाही. खिडकीतलं थेट ऊन टाळा, नाहीतर शेवाळ माजेल.

शेजाऱ्यांचे मासे बहुधा उपाशी मेले नसावेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जीवाणू नसतात. ते रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस मासे न आणता फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका, म्हणजे ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळेल. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मासे आणा. दुकानदार ‘आजच न्या’ म्हणेलच! चाचणीचा किट मात्र जरूर विकत घ्या.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जीवाणूंनाही मारतं, म्हणून क्लोरीन काढणारं औषध घालूनच पाणी भरा. सुरुवातीला गोल्डफिशऐवजी पाच-सहा गप्पी मासे पुरेत, तेही फक्त नर. मादी आणलीत तर पिल्लं कुणाला द्यायची, हा पुढचा प्रश्न मला पाठवाल. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नको.