एकाच वर्षात छावणी आणि पंचनामा

नेवाशात वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्याशा पावसात पूर कसला येणार, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. माझी उभी हयात प्रवरेकाठी गेली. आधी मास्तरकी आणि शेती, आता नुसती शेती. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. त्यानंतर २००६ चा गोदावरीचा पूर, २०१२-१३ चा दुष्काळ, २०१४ ची गारपीट, पुन्हा २०१५ आणि २०१८ चे दुष्काळ, २०१९ चा परतीचा पाऊस आणि आता २०२५ चा सप्टेंबर, हे सगळं इथेच बसून पाहिलं. २०१९ साली तर उन्हाळ्यात ज्या घरांची जनावरं छावणीत होती, त्याच घरांच्या शेतात दिवाळीनंतर तलाठी पंचनाम्याला आले. या सगळ्यातून जे उमगलं ते लिहितो आहे. क्रमाला काही अर्थ नाही, जसं सुचलं तसं.

१. ढगाकडे पाहू नये, धरणाकडे पाहावं.

आमचा पूर आमच्या पावसाचा नसतो. प्रवरा उगवते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या कुशीत. तिथे घाटघर-रतनवाडीला आमच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो. तो आधी भंडारदऱ्यात (११ टीएमसी) अडतो, मग निळवंड्यात (सव्वाआठ टीएमसी). मुळेचं पाणी राहुरीजवळच्या मुळा धरणात (२६ टीएमसी) साठतं आणि सुटलं की प्रवरेलाच येऊन मिळतं. ही धरणं भरलेली नसतात तोवर नदीकाठी निवांत झोपावं. भरली की मात्र ऊन पडलेलं असलं तरी मोटार वर ओढून घ्यावी.

बातमीत भंडारदऱ्याचा विसर्ग सांगतात, पण आम्ही ओझर बंधाऱ्याचा आकडा विचारतो. कारण आढळा आणि म्हाळुंगी या नद्या निळवंड्याच्या खाली प्रवरेला मिळतात. त्यांचं पाणी धरणाच्या आकड्यात येत नाही, ओझरच्या आकड्यात येतं. मुळेचं पाणी आमच्याकडे आधी पोचतं, वरच्या प्रवरेचं मागून. दोन्ही एकाच रात्री आली तर गोष्ट वेगळी. त्यात खाली नाथसागर, म्हणजे जायकवाडी, काठोकाठ भरलेला असला तर प्रवरा गोदावरीला मिळते त्या प्रवरासंगमला पाण्याला पुढे सरकायला जागा नसते आणि फुगवटा मागे येतो. म्हणजे वरच्या तीन धरणांबरोबर खालच्या एकाचीही खबर ठेवायची. आमच्या वस्तीवर एका पडक्या भिंतीला चुन्याच्या रेघा आहेत. कोणत्या विसर्गाला पाणी कुठवर आलं, ते शेजारी लिहिलेलं आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर हे पोरांना शाळेत शिकवलं तरी कळत नाही. रेघ दाखवली की म्हातारीलाही कळतं.

२. कोरड्या दुष्काळाच्या भीतीतच ओला शिजतो.

हे मला फार उशिरा कळलं आणि अजून बऱ्याच जणांना पटत नाही. प्रवरेवरचे बंधारे कोल्हापूर पद्धतीचे. पावसाळ्यात फळ्या काढून ठेवायच्या आणि साधारण १५ ऑक्टोबरनंतर टाकून शेवटचं पाणी धरायचं, असा रिवाज. सलग दोन वर्षं नदी कोरडी पाहिलेला माणूस पाणी अडवायला उतावीळ होतो. त्याचा काय दोष? पण २०१९ ला खरा पाऊस ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. फळ्या टाकलेल्या असताना लोंढा आला, की पाणी बंधाऱ्याला वळसा घालतं आणि बाजूचा काठ कापून नेतं. बंधारा जागेवर राहतो, शेत जातं. पाऊस पुढे सरकला आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, फळ्यांची तारीख मात्र कॅलेंडरवर जुनीच आहे. फळ्या टाकताना त्या काढायला कोण येणार, रात्री कुणाचा फोन लागेल, हे त्याच दिवशी ठरवावं.

३. कागद कोरडे ठेवावेत आणि पुरेही ठेवावेत.

सरकारी भाषेत अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो, तुमच्या बांधावर नसतो. तुमचं शेत बुडालं आणि मापकावर साठच भरले, असं होऊ शकतं. तेव्हा भांडत बसण्यापेक्षा उभ्या पिकातल्या पाण्याचे फोटो, शेजारच्या गटासकट, त्याच दिवशी काढून ठेवावेत. पंचनाम्यात ३३ टक्क्यांच्या वर नुकसान दिसायला हवं. ई-पीक पाहणी झालेली हवी, आणि सात-बारावर मेलेल्या आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद आधीच करून घ्यायला हवी. पूर ओसरल्यावर वारसाचा अर्ज घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं पाहवत नाहीत.

मदतीचे ठरलेले दर पाहा: जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. कधी सरकार वर काही घालतं, कधी क्षेत्राची मर्यादा वाढवतं. २०१९ ला राष्ट्रपती राजवट होती, तेव्हा राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८,००० जाहीर केले होते. एवढ्यात बियाणं, खतं आणि मशागत निघत नाही. म्हणून हा पैसा भरपाई न समजता पुढच्या पेरणीची उचल समजावा. तसं समजलं की तो कशावर खर्च करायचा याचा घोळ राहत नाही. विम्याचंही नीट समजून घ्यावं. एक रुपयात विमा होता तेव्हा ७२ तासांत नुकसान कळवायची धावपळ असायची. २०२५ च्या खरिपापासून ती योजना बदलली आणि भरपाई पीककापणी प्रयोगावर गेली. गेल्या वर्षीची पद्धत यंदा चालेल असं धरून बसलेले बरेच जण फसले.

आणि ज्यांच्याकडे सात-बाराच नाही त्यांचं काय? वाट्याने करणारा, मजुरीला जाणारी, त्यांचं कुठल्याच रकान्यात नाव नसतं. सोनई आणि भेंड्याच्या कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कुटुंबं येतात. काळ्या रानात त्यांच्या कोप्या पडतात आणि अवकाळी आला की पहिलं पाणी तिथे शिरतं. त्यांचा पंचनामा झालेला मी तरी पाहिला नाही. आमच्याकडे आता कोप्या टाकायला उंचवट्याची, मुरमाची जागा देतात. खर्च काही नाही, फक्त हंगामाआधी कुणीतरी ती दाखवावी लागते.

४. विजेशी हुशारी नको.

गडगडाट ऐकू आला की झाड सोडायचं, जनावराचा कासरा सोडायचा, पक्क्या घरात जायचं. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप पोरांच्या फोनमध्ये असावं. याहून जास्त सांगण्यासारखं नाही, पण मे-जूनमध्ये माणसं याच साध्या गोष्टीने जातात.

५. वैरण उंचावर रचावी.

१९७२ ला माणसांनाच खायला नव्हतं. मिलो आणि सुकडी आठवते, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया आठवतात. रोजगार हमी त्यातूनच उभी राहिली, पुढे तिचा कायदा झाला. २०१३ ला आणि २०१९ ला माणसांच्या ताटात होतं, जनावरांपुढे नव्हतं. छावणीने जनावरं वाचली हे खरं, पण घरातलं एक माणूस महिनोन्‌महिने तिथे अडकलं आणि ते बहुतेक वेळा घरातली बाई किंवा शाळेतलं पोरगं होतं. एका वर्गात फेब्रुवारीनंतर बाकं रिकामी पडायला लागली की मी हजेरीपटाऐवजी छावणीत जाऊन चौकशी करायचो.

तेव्हापासून कडबा असो की मुरघासाच्या पिशव्या, मी पुराच्या रेघेच्या वर दगडी ओट्यावर रचतो. दुष्काळासाठी साठवायची आणि पुरात भिजवायची, हा प्रकार इथे नेहमीचा आहे. दुसरं, घोडेगावच्या बाजारात जनावर विकायचं असेल तर दिवाळीला विकावं. मार्चपर्यंत सगळा तालुका दावं हातात घेऊन तिथेच उभा असतो, मग भाव कसला.

६. निघून जाणं ही जुनी रीत आहे, त्यात लाज नाही.

हसमुख सांकलियांच्या पथकाने नेवाशात १९५४ पासून उत्खनन केलं. प्रवरेकाठी जोर्वे, दायमाबाद, नेवासा अशी ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांच्या वस्त्या सापडल्या. त्या इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास ओस पडत गेल्या, आणि नेवाशात त्यानंतर शेकडो वर्षं कुणी राहिल्याची खूण नाही. मधुकर ढवळीकरांनी याचं कारण पाऊस कमी होत जाणं हे मांडलं. ज्ञानेश्वरी १२९० ला इथे सांगितली गेली म्हणून भाविक पैस खांबाला येतात. शेजारच्या टेकाडाखालची ही गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही. सांगायला हवी, असं मला वाटतं.

त्या जुन्या शेतकऱ्यांकडे मागे सोडण्यासारखं फारसं नव्हतं. आता कालवा आहे, ऊस आहे, शाळा आहे, पतसंस्थेचं कर्ज आहे, आणि जाल तिथे आधीच कुणीतरी राहत आहे. तरी लोक जातातच. दुष्काळ पडला की प्रवरासंगमचा पूल ओलांडून पोरं वाळूजच्या कंपन्यांत लागतात, काही चाकणला. शेतीचं वर्ष गेलं तर तो पगार घर चालवतो. माझा एकच आग्रह असतो की पोरगं गेल्यावर मागे कोण उरलं याची नोंद वस्तीत असावी. २०२५ च्या सप्टेंबरात पाणी वाढत असताना आम्हाला घरं मोजायची नव्हती. एकटी म्हातारी कुठे आहे, दिवस गेलेली बाई कुठे आहे, एवढंच हवं होतं. ती यादी फोनमध्येही आहे आणि देवळात खडूनेही लिहिलेली आहे, कारण पहिल्याच तासात वीज जाते.

७. समोरून जाणारं पाणी सगळं आपलं नसतं.

दुष्काळी वर्षात नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावं लागतं. पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आहे, राज्याच्या जल प्राधिकरणाचा २०१४ चा निकाल आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपर्यंत साठा नसेल तर वरून तूट भरायची. २०२३ ला साडेआठ टीएमसीच्या वर पाणी सोडायचा आदेश निघाला होता. तेव्हा नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात, बंधाऱ्याच्या फळ्या काढतात आणि पाणी आमच्या डोळ्यांदेखत खाली जातं. राग येतो. पण तालुक्याची गंमत अशी की वरच्या गावांचा ऊस मुळेच्या कालव्यावर, तर संगमाकडच्या गावांच्या मोटारी नाथसागराच्या फुगवट्यावर. मामा वरच्या बाजूच्या मोर्चात आणि भाचा खालच्या, असंही पाहिलं आहे. मी मोर्चाला गेलो नाही. पाणी सुटणार हे सप्टेंबरातल्या साठ्यावरूनच कळतं. तेव्हाच उसाची नवी लागण थांबवून हरभरा पेरावा.

८. पाणी आपली वहिवाट विसरत नाही.

दुष्काळात ओढा म्हणजे नुसती रिकामी जमीन दिसते. कुणी बांध सरकवतो, कुणी दोन सऱ्या जास्त धरतो, कुणी रस्त्याला भराव टाकतो आणि खाली नळ्या टाकायच्या राहून जातात. चार वर्षं काही बिघडत नाही. पाचव्या वर्षी एका रात्रीत शंभर मिलिमीटर पडतो आणि पाणी बरोबर आजोबांच्या काळच्या वाटेने निघतं, मध्ये आता कुणाचं घर असलं तरी. आमची जमीन काळी, भारी. पाणी तुंबलं की आठवडाभर वाफसा येत नाही, कपाशी उभ्या उभ्या जळते. शिवाय कालव्याखालची रानं चोपण होत चालली आहेत. चर काढला, ओढा मोकळा केला, तर पुराचं पाणी निघून जातं, रानातलं मीठही निघतं आणि ओढ्यात अडवलेलं पाणी विहिरीला लागतं. ओल्याला आणि कोरड्याला एकच काम पुरतं, असं हे एकमेव काम मला सापडलं आहे.

जुन्या गाव नकाशावर आमच्या शिवारातला ओढा स्पष्ट दिसतो. मोजणी झाली, खुणा झाल्या, ओढ्यात गेलेलं रान सोडायला बहुतेक जण तयारही झाले. रस्त्याखालच्या नळ्यांचा खर्च ग्रामपंचायतीने करायचा की ज्यांनी भराव टाकला त्यांनी, यावर गेल्या ग्रामसभेत एकमत झालं नाही. पुढची सभा मे महिन्यात आहे.