‘तुम्ही डॉक्टर की मी?’

इंजेक्शन घेतलं की दुसऱ्या दिवशी सूज उतरायची, खाज थांबायची, आणि आठवडा सरायच्या आत पापण्या पुन्हा टम्म. मग पुन्हा तेच इंजेक्शन, त्याच गोळ्या, तीच ट्यूब. आमच्या डॉक्टरांचं निदान पहिल्या दिवशीच ठरलं होतं: “काका, खाण्याची ॲलर्जी आहे.” वांगं बंद, शेंगदाणे बंद, अंडी बंद, आंबट बंद. पुरंदरचा शेतकरी वांगं आणि दाण्याचं कूट सोडून खाणार काय, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. भाज्यांचे प्रकार संपले, बायको कंटाळली, चट्टे होते तिथेच.

शेतातून आलो की वाढतं, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. दिवसभर अंजिराच्या बागेत काम केलं की रात्री मान आणि कोपराच्या घड्या नुसत्या पेटायच्या. मधे ठाण्याला लेकीकडे राहून आलो. तिथं वांग्याचं भरीत चापून खाल्लं, शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तरी नवा चट्टा उठला नाही. घरी परत आलो आणि पुन्हा सुरू. हेही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “तुम्ही डॉक्टर की मी?” बाहेर बाकावर बसलेली माणसं हसली. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण ते हसणं अजून कानात आहे.

मग रक्ताची मोठी तपासणी झाली. दूध, गहू, झिंगे, झुरळ, धूळ अशी पानभर यादी, कुठे आकडा किंचित वर, कुठे खाली. त्या कागदावरून आणखी चार पदार्थ बंद झाले. ही तपासणी रक्तातली आयजीई नावाची प्रतिपिंडं मोजते. एखादी वस्तू कातडीला लागून एक-दोन दिवसांनी जी ॲलर्जी उठते, ती पेशींमार्फत होते आणि या तपासणीत दिसतच नाही. खिसा रिकामा झाल्यावर मला हे कळलं.

शेवटी पुण्याला गेलो. तिथल्या त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंनी माझी जाडजूड फाईल बाजूला ठेवली आणि मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. डोळे मिटायला लावून वरच्या पापण्या पाहिल्या, कान पुढे दुमडून मागे पाहिलं, हनुवटी वर करायला लावली. मग म्हणाल्या, “नुसत्या उन्हाचा त्रास असता तर या जागा सुटल्या असत्या, इथं ऊन फारसं पोचत नाही. तुमच्या अंगावर हवेतून काहीतरी येऊन बसतंय. बांधावर गाजरगवत आहे का?”

बांधावर! आमच्या बांधाला, ओढ्याला, शेजारच्या पडीक तुकड्याला दुसरं आहे काय? इतक्या दिवसांत हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्यांनी पाठीवर पट्ट्या लावल्या. ही पॅच टेस्ट. पट्ट्या ४८ तास ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. काढल्यावर एकदा पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण काही डाग उशिरा उठतात. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गाजरगवताची जागा लालभडक झाली होती आणि तिच्यावर बारीक फोड होते. शेवंतीचीही उठली होती. एकाच कुळातल्या वनस्पती. शेवंतीचा वाफा त्या वर्षीच मोडला.

हा काही कुठल्या दूरदेशीचा रोग नाही. हे गवत आपल्याकडे १९५५च्या सुमारास पुण्यातच नजरेला आलं, आणि त्यानं होणाऱ्या त्वचारोगावर लोणकर, मिशेल आणि कॅलनन यांचा लेख १९७४ साली लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुण्याहून तासाभराच्या अंतरावर दवाखाना चालवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावं? रिपोर्ट घेऊन मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “मी तेच म्हणत होतो ना, ॲलर्जी आहे.”

आता ज्यांना असा त्रास असेल त्यांच्यासाठी. पित्ताच्या गांधी उठतात त्या एका जागी बहुधा चोवीस तासांच्या आत विरतात आणि दुसरीकडे निघतात. चट्टा तिथेच राहिला, पाणी सुटलं, कातडी जाड आणि काळी पडली, तर ते पित्त नव्हे. कुठे उठतंय ते नीट पाहा: मनगटाला घड्याळाखाली, कानाच्या पाळीला, टिकलीच्या जागी, केस काळे केल्यावर कपाळाच्या कडेला. कारण बहुतेक वेळा त्या जागेवरच असतं. डॉक्टर ऐकत नसतील तर लिहून न्या, फोटो न्या. तरीही ऐकत नसतील तर डॉक्टर बदला. ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला तर मात्र दवाखाने शोधत बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

‘कसलं इंजेक्शन?’ हे विचारायचंच. माझं स्टिरॉइडचं निघालं, तेव्हा साखर का चढली होती त्याचाही उलगडा झाला. स्टिरॉइड वाईट नाही. बाईंनीही मलम दिलं, पण चेहऱ्याला सौम्य, अंगाला कडक आणि किती दिवस ते लिहून. पुढे ॲझाथायोप्रिन सुरू केलं, त्याला ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. मेडिकलवाल्यानं दिलेली तीन औषधांची मिश्र ट्यूब चोळू नका. गजकर्ण असेल तर ती आधी त्याला झाकते, मग पसरवते.

आणि गवत. ज्याला त्रास आहे त्यानं उपटायला जाऊ नये, हातमोजे घालूनसुद्धा. दुसऱ्यानं फुलावर येण्याआधी, ओल असताना मुळासकट काढावं. वाळलेलं झाडू किंवा पेटवू नये, वाळलेल्या झाडाच्या भुग्यानंही पापण्या सुजतात. शेतातले कपडे घरात नेऊ नयेत, गवताच्या बाजूला वाळत घालू नयेत. मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात पानं खातो, पण त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. मी माझा बांध साफ करून घेतला. ओढ्याच्या कडेसाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे आणि सही-शिक्क्याची पोच घेतली आहे.