कामकऱ्याची प्रार्थना
(नहेम्याच्या चरित्रावरून एक पाठ)

वाचावयाचा भाग: नहेम्या, अध्याय १, २:१-८, ४:६-२३, ५:१-१९.



पाळक व उपदेशक घरोघर भेटीस जातात, तेव्हां एक उत्तर त्यांच्या कानीं वारंवार पडतें: "प्रार्थना करावी असें मनांत फार येतें, पण वेळ कोठून आणावा?" हें उत्तर खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ गांवीं शेतासाठीं वीज रात्रीं मिळते. म्हणून शेतकरी मध्यरात्रीं उठून पिकास पाणी देतो व पहाटे तसाच गोठ्यांत धार काढावयास बसतो. त्याची कारभारीण पाणी, भाकरी, मुलांची शाळा हें सर्व उरकून खुरपणीस जाते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबें घरास कुलूप लावून, कोयता व मुलेंबाळें घेऊन, चार-पांच महिने परमुलखांत जातात. अशा लोकांस 'दररोज तासभर एकांतांत बसा' असें सांगितलें, तर ते मान डोलवितात आणि मनांत म्हणतात, 'ही गोष्ट पाळकांची व म्हाताऱ्यांची आहे, आमची नव्हे.'

म्हणून आज आपण अशा एका मनुष्याकडे पाहूं कीं, ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या हातीं नव्हता, आणि तरीही जो प्रार्थना करणारा होता.

१. तो चाकर होता

नहेम्या याजक नव्हता व संदेष्टाही नव्हता. पारसाचा राजा अर्तहशश्त ह्याच्या शूशन येथील राजवाड्यांत तो प्यालेबरदार होता. राजा बोलावील तेव्हां हजर राहावें, द्राक्षारसाचा प्याला हातीं द्यावा, व राजाची मर्जी सांभाळून उभें राहावें, हें त्याचें काम. हुद्दा मानाचा होता खरा, परंतु धन्यापुढें उतरलेला चेहरा घेऊन उभें राहण्याचीही त्यास भीति वाटे (२:२). त्याचा दिवस राजाचा होता. ज्याचा दिवस मुकादमाचा, मालकाचा किंवा कचेरीचा आहे, त्यानें नहेम्यास आपला भाऊ समजावें.

२. चार महिने

राजाच्या कारकीर्दीच्या विसाव्या वर्षीं, म्हणजे ख्रिस्तापूर्वीं ४४५ च्या सुमारास, ही गोष्ट घडली. किस्लेव महिन्यांत हनानी व दुसरे कित्येक जण यहूदाहून आले. यरुशलेमाचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत व लोक मोठ्या दुर्दशेंत आहेत, असें त्यांनीं सांगितलें. तें ऐकून नहेम्या रडला. त्यानें उपवास केला व देवापुढें प्रार्थना चालविली. राजाशीं बोलण्याचा प्रसंग आला तो निसान महिन्यांत. आपल्या महिन्यांच्या हिशेबानें पाहिलें तर मार्गशीर्षाच्या सुमारापासून चैत्राच्या सुमारापर्यंत, म्हणजे जवळ जवळ चार महिने. आपला कारखान्याचा हंगाम साधारण एवढाच चालतो.

पहिल्या अध्यायांतील प्रार्थना सावकाश वाचा. आरंभीं तो देवाचें थोरपण आठवितो. मग पाप कबूल करितो, आणि तें करितांना 'त्या लोकांनीं पाप केलें' असें न म्हणतां, मी व माझें घराणें ह्यांनीं केलें, असें म्हणतो. त्यानंतर तो देवाच्या वचनाची आठवण धरितो. शेवटीं त्याचें मागणें येतें, आणि तें अगदीं नेमकें आहे: ह्या मनुष्याची, म्हणजे राजाची, कृपा मजवर होऊं दे. आपल्या प्रार्थना पुष्कळदां 'सर्वांस आशीर्वाद दे' एवढ्यावर संपतात. शेतकरी दुकानांत जाऊन नुसतें 'बीं द्या' म्हणत नाहीं. कशाचें, कोणत्या वाणाचें व किती, हेंही सांगतो.

३. एक क्षण

आतां दुसऱ्या अध्यायाची चौथी ओवी पाहा. राजानें विचारलें, तुझें मागणें काय आहे? उत्तर देण्यापूर्वीं नहेम्यानें स्वर्गींच्या देवाची प्रार्थना केली. राजा समोर बसलेला, राणी शेजारीं. तेथें गुडघे टेकावयास जागा नव्हती, डोळे मिटावयास सवड नव्हती. ह्या प्रार्थनेचा एकही शब्द लिहून ठेविलेला नाहीं. प्रश्न व उत्तर ह्यांच्या मध्यें एक श्वास घ्यावा, तेवढ्यांत ती झाली.

कित्येक म्हणतील, 'तर मग आम्हांसही एवढेंच पुरे. चालतां बोलतां देवाचें नांव घेतों.' परंतु त्या क्षणामागें चार महिने उभे होते हें विसरूं नका. विहिरींत पाणी असेल तर बटण दाबतांच पंप पाट भरून टाकितो; विहीर कोरडी असेल तर पंप नुसता घरघरतो. नेमलेल्या वेळीं देवापाशीं बसणें ही विहीर आहे, आणि कामांतील क्षणभराची प्रार्थना हा पंप आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. किती दिवस लागतील असें राजानें विचारतांच नहेम्यानें मुदत सांगितली. नदीपलीकडील अधिकाऱ्यांस पत्रें पाहिजेत, आणि वेशींच्या तुळयांसाठीं लाकूड मिळावें म्हणून राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ ह्यासही पत्र पाहिजे, हें त्यास ठाऊक होतें. चार महिने तो केवळ रडत बसला नव्हता. प्रार्थनेनें त्याची बुद्धि निजविली नाहीं, जागी केली.

४. एका बहिणीचा प्रश्न

येथें मला स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं हंगामाच्या दिवसांत मी आमच्या मंडळीच्या एका ऊसतोड टोळीस भेटावयास गेलों. अंधार पडल्यावर माणसें फडावरून कोपींवर परत आलीं होतीं व चुली पेटल्या होत्या. एका वयस्कर बहिणीस मीं विचारलें, "मावशी, येथें प्रार्थनेस वेळ मिळतो काय?"

ती म्हणाली, "पाळकसाहेब, पहाटे तीनला उठते. चुलीत जाळ घालायच्या आधी गुडघे टेकते. लई येळ नाही, पण रोज. मग दिवसभर मोळ्या वाहायच्या. एक मोळी डोक्यावर घेतली का देवापुढं एक नाव घेते. फडातून गाडीपतोर त्याच्यासाठी मागायचं. मोळी टाकली का दुसरं नाव."

मग तिनें सहज विचारलें, "आन् तुम्ही आमची नावं कवा घेता?"

"घेतों कीं," असें मी बोलून गेलों. तें खरें नव्हतें. दर रविवारीं उपासनेंत 'ऊसतोडीस गेलेल्या बंधुभगिनींसाठीं' असें एक वाक्य मी म्हणत असें. परंतु एकांतांत त्यांतील एकाचेंही नांव मीं घेतलें नव्हतें. त्या दिवसांत माझा एकांतच उरला नव्हता. उपदेश तयार करण्यासाठीं मी शास्त्र उघडीत असें. स्वतःच्या जिवासाठीं नव्हे. रात्रीं मोबाइलाकडे पाहण्यांत जी घटका जात असे, तीच घटका मजजवळ नाहीं असें मी समजत होतों.

त्या रात्रीं टोळींतील पुरुषमंडळींबरोबर मी एका कोपींत निजलों. पहाटे तीनच्या सुमारास शेजारीं कोणी उठल्याची चाहूल लागली, आणि नंतर थोडा वेळ कांहींच आवाज आला नाहीं. ती शांतता कशाची आहे हें मला ठाऊक होतें. फडावर जाण्यापूर्वीं मीं त्या बहिणीस खरें काय तें सांगितलें. ती रागावली नाहीं. तिनें टोळींतील माणसांचीं नांवें एक एक करून सांगितलीं, आणि मीं तीं लिहून घेतलीं. तो कागद अजून माझ्या शास्त्रांत आहे. दर हंगामाच्या आरंभीं मी नवा लिहितों.

बंधूंनो, विशेषतः उपदेशक बंधूंनो, ती बहीण शास्त्र वाचूं शकत नव्हती, परंतु नहेम्याचा पाठ तिला येत होता. चुलीपुढील गुडघे ही तिची विहीर होती, आणि मोळीखालील वाट हा तिचा पंप होता. मला तो पाठ शिकवितां येत होता. करतां येत नव्हता.

५. प्रार्थना हातांत उतरली पाहिजे

शत्रूंनीं तट बांधण्यास अडथळा आणिला, तेव्हां लोकांनीं प्रार्थना केली आणि पहाराही बसविला (४:९). दोहोंपैकीं एकही त्यांनीं सोडिलें नाहीं. म्हणून बावन्न दिवसांत, अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशीं, तट पुरा झाला (६:१५).

परंतु नहेम्याच्या प्रार्थनेची खरी पारख पांचव्या अध्यायांत होते. दुष्काळांत धान्यासाठीं व राजाचा कर भरण्यासाठीं गरिबांनीं शेतें व घरें गहाण टाकिलीं होतीं. त्यांचे मुलगे व मुली दास्यांत जात होत्या. आणि व्याज घेणारे त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्यानें त्यांस सभेंत बोलावून दोष दिला, शेतें व व्याज परत देवविलें, आणि मी व माझ्या माणसांनींही लोकांस पैसे व धान्य उसनें दिलें आहे, हें त्यानें लपविलें नाहीं. अधिकारी म्हणून मिळावयाचा शिधा त्यानें बारा वर्षें घेतला नाहीं.

आपल्यांतील कोणी उचल देणारा मुकादम असेल, कोणी मंडळींतल्याच भावास व्याजानें पैसे देत असेल, कोणी दुधांत पाणी घालीत असेल. त्याची पहाटेची प्रार्थना कितीही लांब असली, तरी ती त्याच्या वहींत व मापांत उतरली नाहीं तर ती अर्ध्या वाटेवरच राहिली. आणि जो उचलीच्या ओझ्याखालीं दबला आहे, त्याचा हिशेब लिहून देण्यास व वाचून दाखविण्यास कोणी शिकलेला भाऊ पुढें आला, तर तीही भक्तिच होय.

६. आपण काय करावें?

पहिलें, एक लहान वेळ नेमा व ती मोडूं नका. तासभर नको, दहा मिनिटें असोत, परंतु तीं ठरलेलीं असोत. पिकासाठीं आपण मध्यरात्रीं उठतों, तर जिवासाठीं दहा मिनिटें अगोदर उठणें अशक्य नाहीं.

दुसरें, दिवसाच्या एखाद्या कामास एक प्रार्थना जोडा. धार काढतांना घरच्यांसाठीं, बांधावरून जातांना शेजाऱ्यासाठीं, बसची वाट पाहतांना ज्याच्याशीं भांडण झालें त्याच्यासाठीं.

तिसरें, रोज देवाच्या वचनांतून थोडें घ्या. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस मुलांनीं वाचून दाखवावें, किंवा मोबाइलावर वाचन लावून द्यावें. एज्रानें पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचिलें, तेव्हां लोकांनीं तें कान देऊन ऐकिलें (८:३). ऐकणें हेंही शास्त्राभ्यासाचें खरें रूप आहे.

चौथें, उपवास करणाऱ्यानें वांचलेलें अन्न गरजूस द्यावें. परंतु आजारी, मधुमेही, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, व जड कष्ट करणारे ह्यांनीं जेवण सोडूं नये; त्यांनीं दुसरी एखादी आवड सोडावी.

पांचवें, प्रभूचा दिवस राखा. फडावर रविवारींही काम थांबत नसेल, तर दोन-तीन कुटुंबांनीं संध्याकाळीं एका कोपींत जमावें. दोघे-तिघे जमतात तेथें प्रभु आहे.

शेवटीं एक सावधगिरीची गोष्ट. हे नियम पाळून आपण तारण मिळवितों असें कोणी समजूं नये. तारण ख्रिस्तानें वधस्तंभावर मिळवून दिलें आहे, व तें कृपेनें आहे. पाऊस शेतकरी पाडीत नाहीं. परंतु पाऊस पडेल ह्या भरंवशानें तो बांध घालतो, म्हणजे पाणी वाहून न जातां शेतांत मुरतें. नियम हे बांध आहेत. ज्याचा बांध ह्या आठवड्यांत फुटला असेल त्यानें निराश होऊं नये. उद्यां पहाटे तो पुन्हां घालावा.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

(१) नहेम्याच्या क्षणभराच्या प्रार्थनेमागें काय होतें? 
(२) माझ्या दिवसांतील कोणत्या कामास मी प्रार्थना जोडूं शकतों? 
(३) मी कोणाचीं नांवें घेऊन प्रार्थना करितों? 
(४) माझी प्रार्थना माझ्या देण्याघेण्यांत दिसते काय?

आठवड्याचें वाचन

सोमवार, नहेम्या १. मंगळवार, २:१-१०. बुधवार, ४:१-२३. गुरुवार, ५:१-१९. शुक्रवार, ६:१-१६. शनिवार, ८:१-१२. रविवार, १३:१५-२२.