हळदीची साक्ष

विळीने बोट कापले, की आजी प्रथम हळदीचा डबा शोधते. चिमूटभर हळद जखमेवर दाबायची आणि वर स्वच्छ चिंधी बांधायची, हा तिचा उपचार. तो तिला तिच्या आजीने शिकविला. घरोघरी ठाऊक असलेल्या या उपचारासाठी एकदा थेट अमेरिकेत पुरावे सादर करावे लागले.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने, जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट तेथील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. पेटंट म्हणजे नव्या शोधाच्या उपयोगावर ठराविक मुदतीपर्यंत मिळणारा एकाधिकार. पण येथे शोध नवा होता कोठे? भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटास हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर हे होते. त्यापूर्वी पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद त्यांनी भूषविले होते.

आजीचा अनुभव तेथे पुरावा म्हणून चालणार नव्हता. छापील आधार हवा होता. परिषदेच्या शास्त्रज्ञांनी जुने ग्रंथ धुंडाळले आणि ३२ आधार सादर केले. त्यांत संस्कृत वचने होती, तसाच भारतीय वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. अखेर १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. हळदीचा हा उपयोग जुना आहे, एवढेच त्या निकालाने ठरले. ती कितपत गुणकारी आहे, हे प्रयोगानेच ठरावयाचे. लहानसहान जखमा तर औषधावाचूनही भरून येतात! म्हणून शास्त्रज्ञ एकसारख्या जखमांचे दोन गट करतात. एका गटास वनस्पतीचा अर्क घातलेले मलम लावतात, तर दुसऱ्यास अर्क नसलेले तेच मलम. मग ठराविक दिवसांनी प्रत्येक जखम मोजून पाहतात. पहिल्या गटातील जखमा पुनःपुन्हा लवकर भरल्या, तरच तो गुण अर्काचा मानतात. आणि त्या अर्कापासून अपाय होत नाही ना, हेही तपासतात.

जखम खोल असेल, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांकडेच जावे. पण आजीच्या डब्यातील ज्ञान मात्र जपावे. ते जपावयाचे, म्हणजे लिहून ठेवावयाचे आणि पारखूनही घ्यावयाचे.