घरबांधणीतील लाकूड : जात, भाग आणि जागा

इंदूरहून महूकडे जाताना आग्रा-मुंबई रस्त्यावर सुमारे बारा किलोमीटरवर राऊ लागते. माळव्याच्या पठाराचा हा दक्षिणेकडील भाग असून महूच्या पुढे विंध्याचा उतार सुरू होतो व त्याच्या पायथ्याशी निमाडचा प्रदेश पसरलेला आहे. पावसाळ्यात येथील हवा दमट, तर चैत्र-वैशाखात अत्यंत कोरडी असते. ऋतूंतील हा फरक घराच्या दाराला प्रथम जाणवतो. श्रावणात जे दार चौकटीत अडते, त्याच दाराच्या फळ्यांमधून वैशाखात उजेडाची रेघ दिसू लागते. घरमालक सुताराला बोल लावतो आणि सुतार लाकडाला. बहुधा चूक त्याआधीच घडलेली असते. खरेदीच्या वेळी केवळ जातीचे नाव विचारले जाते. ते लाकूड बुंध्याच्या कोणत्या भागाचे आहे, कितपत वाळले आहे व कोणत्या जागी बसणार आहे, याची चौकशी होत नाही.

नावांचा घोळ

इंदूर परिसरातील मराठी कुटुंबांना नावांपासूनच अडचण येते. महाराष्ट्रातील ऐन येथे साजा म्हणून ओळखला जातो. हेदू किंवा हळदवान म्हणजे हल्दू, बिबला म्हणजे बीजा आणि तिवस म्हणजे तिन्सा. अंजन हे नाव अधिक फसवे आहे. निमाडच्या कोरड्या टेकड्यांवरील अंजनाचे लाकूड इतके जड की ते पाण्यात बुडते. सह्याद्रीवरील निळ्या फुलांची अंजनी हे झाड निराळे. शिसव व शीशम यांचीही अशीच गल्लत होते. दक्षिण व मध्य भारतातील शिसवाचे लाकूड गर्द जांभळट-काळसर, तर उत्तरेकडील शीशम तपकिरी. दोन्ही एकाच कुळगटातील असून फर्निचरला उत्तम आहेत. परंतु भाव शिसवाचा आणि माल शीशमचा, असा व्यवहार होऊ नये यासाठी ग्राहकाने रंगाची ओळख ठेवलेली बरी.

साग आणि त्याचा गाभा

डेहराडून येथील वन संशोधन संस्थेने (स्थापना १९०६) भारतीय लाकडांची तुलना करताना सागाचा प्रत्येक गुण १०० मानून इतरांना अंक देण्याची पद्धत रूढ केली. साग सर्वांत बळकट आहे, असा याचा अर्थ नव्हे. मध्य प्रदेशच्या पूर्व भागात वाढणारा साल भार पेलण्यात सागाला मागे टाकतो. मात्र वाळताना तो अधिक आकसतो व तडकतो. सागाचे श्रेष्ठत्व त्याच्या समतोलात आहे. तो बेताचा जड, रंध्याला सोपा, आकार टिकवणारा व अंगच्या तैलयुक्त द्रव्यांमुळे वाळवीला सहसा दाद न देणारा आहे.

तथापि हे गुण गाभ्याचे होत. बुंधा आडवा कापल्यास मध्यभागी सोनेरी-तपकिरी गाभा व सालीलगत फिकट पिवळसर कडे दिसते. या कड्याला रसकाष्ठ म्हणतात. जिवंत झाडात येथूनच पाणी वर चढते व पिष्टमय द्रव्य येथे साठते. म्हणून किडीला ते प्रिय असते. सागाचे रसकाष्ठ टिकाऊपणात आंब्याच्या फळीहून फारसे सरस नसते. कोवळ्या वयात तोडलेल्या लागवडीच्या सागात या कड्याचे प्रमाण मोठे राहते. अशी चौकट पॉलिश चढवून एकसारख्या रंगाची केली की घरमालकाला फरक कळत नाही. वाळवीला मात्र कळतो. याकरिता चौकट रंग लावण्यापूर्वी, उघड्या लाकडाच्या अवस्थेत पाहून घेणे आवश्यक आहे.

वाळवण

ओल्या लाकडातील पाणी सुमारे ३० टक्क्यांखाली उतरू लागले की ते आकसू लागते. लांबीत हा फरक नगण्य असतो. रुंदीत मात्र लक्षणीय, आणि तोही बुंध्याच्या वलयांच्या दिशेने केंद्राकडील दिशेच्या जवळजवळ दुप्पट. सागाची ३० सेंटिमीटर रुंद, वलयांना समांतर कापलेली फळी २५ टक्के ओलाव्यावर बसवली आणि राऊच्या उन्हाळ्यात ती १० टक्क्यांवर आली, तर सहा-सात मिलिमीटरची फट पडते. जुन्या सुतारांना हा हिशेब आकड्यांत ठाऊक नसला तरी हाताला ठाऊक होता. दाराच्या चौकटीत पन्हळ पाडून मधला पॅनेल ते न चिकटवता मोकळा बसवीत, तो फुगण्या-आकसण्यास जागा राहावी म्हणून.

लाकूड मुरवण्याची साधी रीत अशी : कापलेल्या फळ्या छपराखाली, जमिनीपासून उंचावर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचाव्यात, टोके लवकर वाळून तडकतात म्हणून त्यांना मेण वा रंग लावावा. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, हा जुना ठोकताळा आहे. भट्टीत हे काम काही आठवड्यांत, पातळ फळ्यांच्या बाबतीत काही दिवसांतही होते. महाग सागाचा सौदा करून घाईने ओले लाकूड बसवण्यापेक्षा मुरलेले साधे लाकूड बसवणे अधिक हिताचे.

जागेनुसार लाकूड

तुळया व वाशांना ऐन किंवा साल चालतो. ऐन मात्र वाळताना भेगाळतो, तेव्हा नाजूक कामास घेऊ नये. चौकटी, झडपा व खिडक्यांना साग. तो न परवडल्यास बिबला चांगला, परंतु तो ओला असताना त्याचा पिवळा डाग लागतो. हेदूचा कण बारीक असल्याने तो कातकामास व फण्यांस पूर्वापार वापरात आहे. शिवण हलके व न वाकणारे, म्हणून कोरीवकामाला योग्य. बाभूळ, धावडा व तिवस यांचा मान बैलगाडी व अवजारांत. आंबा व सालई खोक्यांना ठीक. आंब्याचे फर्निचर करायचेच असेल तर त्यावर कीडनाशक प्रक्रिया करून घ्यावी. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते कमी आकसते. स्वयंपाकघर व मोरीलगत आयएस ७१० या मानकाचे प्लायवूड घ्यावे, ज्याचा चिकटपणा ७२ तास उकळून तपासला जातो.

जागेचा विचार कसा करावा, याचा धडा इंदूरचा राजवाडा देतो. मल्हारराव होळकरांच्या काळात बांधकाम सुरू झालेल्या या सात मजली वास्तूचे खालचे तीन मजले दगडाचे व वरचे चार लाकडाचे. जमिनीची ओल दगडाने अडवावी आणि उंचीचा भार लाकडाने हलका ठेवावा, ही योजना सुजाण होती. साध्या वाड्यातही खांबाखाली दगडी तळखडा असे, तो याच कारणाने. माळव्याची काळी माती पाऊस संपल्यावरही ओल धरून ठेवते व मातीत पुरलेला खांब तळापासून कुजतो. राजवाड्याच्या लाकडाला खरी हानी पोचवली ती आगीने : १८०१, १९०८ आणि १९८४ अशी तीन वेळा. जाड तुळई पेटली तरी बाहेरून मिनिटाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने कोळसते व आतला भाग काही काळ भार पेलतो. पातळ तक्तपोशी, जाळीकाम व जिने मात्र झपाट्याने पेट घेतात. म्हणून जुन्या लाकडी घरात विजेच्या तारा थेट तक्तपोशीवरून नेऊ नयेत.

मोजमाप आणि जुने लाकूड

गोल लाकूड मोजताना घेराच्या चतुर्थांशाचा वर्ग करून लांबीने गुणण्याची पद्धत प्रचलित आहे. चार फूट घेर व दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. प्रत्यक्षात तो पावणेतेरा घनफुटांच्या आसपास असतो. हा फरक कापणीत जाणाऱ्या भागापोटी धरलेला आहे. कापलेला माल घेताना ही सूट लागू नसते, हे लक्षात न ठेवणारा ग्राहक दोन भावांची तुलना चुकीची करतो.

शहरातील जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे खांब व तुळया विक्रीस येतात. अनेक दशके छपराखाली मुरलेला हा साग नव्या मालापेक्षा पुष्कळदा सरस असतो. तो घेताना टोके व भिंतीत गाडलेला भाग टोच्याने तपासावा. टोच्या सहज आत शिरला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तेवढा तुकडा कापून टाकावा. करवतीवर नेण्यापूर्वी आत मोडलेले खिळे शोधून काढावेत. एक विसरलेला खिळा पात्याचे दात तर मोडतोच, पण कापणाऱ्याच्या डोळ्यालाही इजा करू शकतो.