नवा गेम, जुना टीव्ही

प्रश्न : मुलासाठी प्लेस्टेशन ४ घेतला. आमच्या जुन्या डब्बा टीव्हीला मागे फक्त पिवळी, पांढरी, लाल भोकं आहेत. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला तीन पिना अशी वायर आणून जोडली, तर पडदा निळाच. टीव्ही बिघडला का?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : टीव्ही बिघडलेला नाही, वायरच कुचकामी आहे. प्लेस्टेशन ४ मधून चित्र एचडीएमआयने डिजिटल रूपातच बाहेर पडतं आणि तुमच्या टीव्हीला फक्त अ‍ॅनालॉग सिग्नल कळतो. नुसती तार हे रूपांतर करू शकत नाही. त्याला चिप लागते, चिपला वीज लागते. म्हणून 'एचडीएमआय टू एव्ही' लिहिलेला कन्व्हर्टर घ्या. 'एव्ही टू एचडीएमआय' नको. तो उलट्या दिशेचा, आणि डब्या दिसतात सारख्याच. घेतलेल्या कन्व्हर्टरला यूएसबीने ५ व्होल्ट द्या, त्यावरचं बटण 'पीएएल'वर ठेवा. चित्र हललं किंवा रंग गेले, तर बटण दुसरीकडे सरकवून पाहा. त्यापेक्षा नवा टीव्ही बरा, असं कुणी सुचवेल. पण क्रिकेट किंवा गाड्यांच्या शर्यतीसाठी ती घाई नको. मात्र १०८० रेषांचं चित्र ५७६ रेषांत कोंबल्यावर बारीक अक्षरं पुसट होणारच, महागडा कन्व्हर्टरही ती परत आणणार नाही. वाचत खेळायचे गेम असतील, तर एचडीएमआय असलेला वापरलेला एलईडी टीव्ही शोधा. आणि डब्बा टीव्हीचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत धोकादायक व्होल्टेज उरलेलं असू शकतं.