पापणीची जुनी सूज : रक्षकच वाट अडवतात तेव्हा



पापण्यांच्या कडा लाल होणे, खाज सुटणे, सकाळी पापण्या चिकटणे, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे दिसणे, रांजणवाडी पुन्हा पुन्हा येणे या तक्रारी महिनोन् महिने चालू राहिल्या, तर तो पापणीचा जुनाट दाह असू शकतो. डॉक्टर त्याला ब्लेफरायटिस म्हणतात. हा आजार का रेंगाळतो, हे आज आपण समजून घेऊ.

आपल्या वरच्या पापणीत साधारण ३० आणि खालच्या पापणीत साधारण २५ तेलग्रंथी एका ओळीत असतात. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते. दुधावर साय असली की वाफ कमी निघते, तसेच येथे घडते. ग्रंथींची तोंडे बुजली की अश्रू लवकर सुकतात आणि डोळे चुरचुरतात. गंमत म्हणजे त्या चुरचुरीमुळेच मग डोळ्यांतून पाणी वाहू लागते.

मग तोंडे बुजतात कशाने? जंतू, कोंडा, पापणीच्या केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे आणि वाढते वय ही कारणे ठाऊक होती. पण यात आपल्या रोगप्रतिकारशक्तीचाही हात असतो का?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. उंदरांच्या डोळ्यांत ॲलर्जी निर्माण केल्यावर त्यांच्या तेलग्रंथी तुंबल्या. ग्रंथींच्या तोंडाशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी झाली होती. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक याच असतात. जंतूंवर प्रथम धावून जाणारे हे शिपाई. येथे मात्र त्यांनी दारातच ठाण मांडले. टीएच-१७ नावाच्या दुसऱ्या पेशी या गर्दीला चिथावतात, असेही दिसले. न्यूट्रोफिलांना तेथे येण्यापासून रोखले, तेव्हा ग्रंथी तुंबणे कमी झाले.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. आग लागली तेथे बंब दिसतो, म्हणून बंबाने आग लावली असे आपण म्हणत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. एक काढून घेतल्यावर दुसरी कमी होते का, हे पाहावे लागते. ते माणसावर सहज करता येत नाही, म्हणून प्राण्यांचा आधार घ्यावा लागतो. तरी उंदीर म्हणजे माणूस नव्हे. म्हणून संशोधकांनी रुग्णांचे अश्रूही तपासले. त्यांत न्यूट्रोफिल वाढलेले होते आणि आजार जितका तीव्र तितके ते अधिक होते.

प्राण्यांकडून माणसाकडे येणारी अशी वाट जुनीच आहे. कुत्र्यांमध्ये रोगप्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० च्या दशकात वापरून पाहिले गेले. पुढे २००२ साली त्याच औषधाच्या थेंबांना अमेरिकेत माणसांसाठी मान्यता मिळाली.

पालकांनी यातून काय घ्यावे? पाल्य वर्गात सारखे डोळे चोळत असेल, तर ते आळसाचे लक्षण समजू नये, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाचा शेक आणि पापण्यांच्या कडांची रोजची हळुवार स्वच्छता यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. दुकानातून परस्पर थेंब मात्र आणू नयेत. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली झटकन उतरते, पण देखरेखीविना ते दीर्घकाळ वापरले तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. गेलेली लाली सर्वांना दिसते. काचबिंदूने हळूहळू जाणारी दृष्टी मात्र लवकर लक्षात येत नाही, आणि ती परत येत नाही.

विचार करा :
१. डोळे कोरडे पडल्यावर पाणी का वाहते?
२. न्यूट्रोफिल रोखून पाहिले नसते, तर निष्कर्ष कोठे कच्चा राहिला असता?
३. उंदरांनंतर रुग्णांचे अश्रू तपासणे का गरजेचे होते?

उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहून विज्ञानाच्या तासाला आणा. आपण त्यांवर वर्गात चर्चा करू.